स्टीम डेक ओएलईडी : पीसीची लायब्ररी, कन्सोलची सोय आणि मधल्या अडचणी

पीसी घ्यावा की कन्सोल, याचं उत्तर पूर्वी गेमच्या नावावरून मिळायचं. ‘गॉड ऑफ वॉर’ खेळायचा तर प्लेस्टेशन घ्यावंच लागे, दुसरा मार्ग नव्हता. ती अट आता बरीच सैल झाली आहे. सोनीने ऑगस्ट २०२० मध्ये ‘होरायझन झीरो डॉन’ पीसीवर आणला, जानेवारी २०२२ मध्ये ‘गॉड ऑफ वॉर’ आणला, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘हेलडायव्हर्स २’ तर पीएस५ आणि पीसीवर एकाच दिवशी सोडला. मायक्रोसॉफ्टचा ‘फोर्झा होरायझन ५’ एप्रिल २०२५ मध्ये प्लेस्टेशनवर गेला. यंत्रांच्या पोटातही फारसा फरक उरलेला नाही. पीएस५ असो वा स्टीम डेक हा व्हॉल्व्ह कंपनीचा हातात धरून खेळायचा पीसी, दोन्हींत एएमडीचा झेन २ प्रोसेसर आणि आरडीएनए २ ग्राफिक्स आहे. फक्त आकार आणि ताकद वेगळी.

मग आता निवड कशावर करायची? आमच्या मते, कटकट कोणी सांभाळायची यावर. कन्सोल घेतला की ड्रायव्हर, अपडेट, कोणतं सेटिंग किती ठेवायचं, हे सगळं कंपनी पाहते. पीसी घेतला की ते तुमच्या गळ्यात. व्हॉल्व्हचा स्टीम डेक पीसी असूनही यातली बरीचशी कटकट स्वतःकडे घेतो. किती घेतो आणि कुठे हात वर करतो, ते या परीक्षणात पाहू. निकाल आधीच सांगून टाकतो. एकट्याने खेळायचे गेम आवडत असतील आणि स्टीम या व्हॉल्व्हच्या ऑनलाइन गेम-दुकानात आधीच खरेदी झालेली असेल, तर यापेक्षा चांगलं हातात धरायचं यंत्र सापडणं कठीण. रोज मित्रांबरोबर ‘व्हॅलोरंट’ किंवा ‘ईए स्पोर्ट्स एफसी’ खेळत असाल, तर हे घेऊ नका. ते का, हे पुढे येईलच.

पहिला, एलसीडी पडद्याचा डेक फेब्रुवारी २०२२ मध्ये आला. ओएलईडी, म्हणजे ज्यात प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो अशा पडद्याची, आवृत्ती नोव्हेंबर २०२३ मध्ये आली आणि अमेरिकेत तिची किंमत ५१२ जीबीसाठी ५४९ डॉलर, १ टीबीसाठी ६४९ डॉलर होती. पडदा ७ इंचांवरून ७.४ इंच झाला, पण रेझोल्यूशन तेच १२८० बाय ८००. रिफ्रेश, म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो तो वेग, ६० हर्ट्झवरून ९० वर गेला. बॅटरी ४० वॅट-अवरवरून ५० झाली, वजन ६६९ ग्रॅमवरून साधारण ६४० वर आलं. चिप ७ ऐवजी ६ नॅनोमीटरची, रॅम १६ जीबीच पण थोडी वेगवान. कागदावर फार मोठी उडी वाटत नाही. वापरताना मात्र फरक ठळक आहे. पंख्याचा आवाज कमी झाला, बॅटरी जास्त टिकते आणि रात्रीच्या दृश्यांत काळा रंग खरोखर काळा दिसतो. १ टीबीच्या मॉडेलला चकाकी कमी करणारी काच आहे. खिडकीशेजारी बसून खेळणाऱ्याला तिचा उपयोग आहे, पण निव्वळ काचेसाठी १०० डॉलर देण्यात अर्थ नाही.

पडद्यातला एक दोष माहीत असावा. अंधाऱ्या खोलीत ब्राइटनेस अगदी कमी ठेवला की करड्या भागावर बारीक रवाळपणा दिसतो. याला ‘म्युरा’ म्हणतात. ओएलईडीचे सगळे पिक्सेल तंतोतंत सारखे उजळत नाहीत, म्हणून तो येतो. व्हॉल्व्हने सॉफ्टवेअरमधून तो बराच झाकला आहे, तरी काही नगांत जास्त जाणवतो. ब्राइटनेस थोडा वाढवला की बहुतेकांना तो दिसतही नाही.

अडखळणं कुठून येतं आणि इथे का येत नाही

पीसीवर नवा गेम सुरू केला की पहिल्यांदा स्फोट होताना किंवा नव्या भागात शिरताना चित्र क्षणभर अडकतं. बरेच जण याचं खापर ग्राफिक्स कार्डावर फोडतात. खरं कारण शेडर. शेडर म्हणजे पृष्ठभागावर प्रकाश कसा पडेल, धूर कसा दिसेल हे ग्राफिक्स चिपला सांगणारे छोटे प्रोग्रॅम. ते प्रत्येक चिपसाठी आणि ड्रायव्हरसाठी वेगळे तयार, म्हणजे कंपाइल, करावे लागतात. कन्सोलमध्ये चिप एकच, त्यामुळे गेमसोबत तयार शेडरच येतात. पीसीवर शेकडो चिप आणि हजारो ड्रायव्हर, त्यामुळे ते काम तुमच्या यंत्राला ऐन खेळात किंवा सुरुवातीला करावं लागतं. मार्च २०२३ मध्ये ‘द लास्ट ऑफ अस पार्ट १’ पीसीवर आला तेव्हा सुरुवातीलाच शेडर तयार व्हायला एवढा वेळ लागत होता की लोक मेनूतच ताटकळत बसले.

डेक पीसीच आहे, पण सगळ्या डेकमध्ये चिप जवळपास एकसारखी. याचा फायदा घेऊन स्टीम तयार शेडरांचा साठा गेमबरोबरच उतरवून घेतं. ‘एल्डन रिंग’ २०२२ मध्ये आला तेव्हा तगड्या विंडोज पीसींवर अडखळत होता आणि डेकवर तुलनेने सुरळीत चालला. त्यात व्हॉल्व्हने प्रोटॉन या आपल्या सॉफ्टवेअरमध्ये (त्याबद्दल पुढे) केलेल्या दुरुस्तीचाही वाटा होता. म्हणून डाउनलोडच्या यादीत गेमच्या नावाखाली ‘शेडर प्री-कॅशिंग’चा अपडेट दिसला तर तो थांबवू नका. जागा वाचवायला शेडर कॅश पुसून टाकणारे सल्लेही मिळतात. ते मानले तर जे टाळलं तेच परत ओढवून घ्याल.

प्रोटॉन म्हणजे विंडोजसाठी लिहिलेले गेम लिनक्सवर चालवणारा थर. डेकवर स्टीमओएस आहे आणि ते आर्च लिनक्सवर बेतलेलं आहे. व्हॉल्व्हने हाच प्रयोग नोव्हेंबर २०१५ मध्ये ‘स्टीम मशीन’ नावाने केला होता आणि तो सपशेल पडला, कारण लिनक्ससाठी मुद्दाम लिहिलेले गेमच मोजके होते. ऑगस्ट २०१८ मध्ये प्रोटॉन आलं आणि गेम कंपन्यांनी लिनक्ससाठी वेगळी आवृत्ती काढण्याची गरजच संपली. स्टीमच्या मासिक पाहणीत ऑक्टोबर २०२५ मध्ये लिनक्सचा वाटा पहिल्यांदा ३ टक्क्यांपलीकडे गेला. आकडा लहान वाटेल, पण दहा वर्षांपूर्वी गेमिंगच्या बाबतीत लिनक्सचं नाव कोणी घेत नव्हतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये व्हॉल्व्हने टीव्हीखाली ठेवायची नवी स्टीम मशीन जाहीर केली, ती याच पायावर.

कन्सोलची दुसरी मोठी सोय म्हणजे झोपवणं आणि उठवणं. डेकवर पॉवर बटण एकदा दाबलं की गेम आहे तिथे थांबतो. काही सेकंदांत परत तिथूनच सुरू. लोकलमध्ये वीस मिनिटं मिळाली की खेळावं आणि स्टेशन आलं की बटण दाबावं. विंडोजवर चालणाऱ्या हॅण्डहेल्डांना आजही हे धड जमत नाही. बॅगेत आपोआप जागं होऊन तापलेलं यंत्र बाहेर काढावं लागल्याच्या तक्रारी सर्रास असतात. इथे एकच पथ्य. तोच गेम घरच्या पीसीवर पुढे खेळायचा असेल तर डेक नुसता झोपवू नका. गेममधून बाहेर पडा आणि स्टीमचा क्लाउड सेव्ह, म्हणजे इंटरनेटवर साठवली जाणारी प्रगती, वर चढेपर्यंत वायफाय चालू ठेवा. नाहीतर पीसी विचारेल की कोणता सेव्ह ठेवू, आणि चुकीचं बटण दाबलं की आधीची प्रगती गेली.

सेटिंग : कुठून सुरुवात करायची

उजवीकडचं तीन ठिपक्यांचं बटण दाबलं की बाजूचा मेनू उघडतो. त्यात बॅटरीचं चिन्ह असलेलं पान म्हणजे परफॉर्मन्स. पहिलं काम, ‘पर-गेम प्रोफाइल’ चालू करा. ते विसरलं तर एका गेमसाठी कमी केलेली ताकद सगळ्यांना लागू होते आणि दुसरा गेम रखडला की दोष यंत्राला जातो.

मग फ्रेमची, म्हणजे सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची, मर्यादा ठरवा. ९० हर्ट्झच्या पडद्यावर ४५ फ्रेम हा आकडा सोन्यासारखा आहे, कारण प्रत्येक फ्रेम बरोबर दोनदा दाखवली जाते आणि हालचाल समान वाटते. ३० फ्रेमला प्रत्येक चित्र ३३.३ मिलिसेकंद टिकतं, ४५ ला २२.२ आणि ६० ला १६.७. म्हणजे ३० वरून ४५ वर गेल्याने ११ मिलिसेकंद वाचतात, तर ४५ वरून ६० वर गेल्याने जेमतेम साडेपाच. बॅटरी मात्र वरच्या टप्प्यात जास्त जळते. त्यामुळे जड गेम ४५ वर बसत असेल तर ६० च्या मागे लागू नये. ४५ही पेलत नसेल तर ४० करून पाहा. मर्यादेबरोबर पडद्याचा रिफ्रेशही बदलतो, त्यामुळे तिथेही हालचाल समान राहते.

त्याच पानावर परफॉर्मन्स ओव्हरले, म्हणजे खेळताना पडद्यावर आकडे दाखवणारी पट्टी, आहे. तो दुसऱ्या पातळीवर ठेवून पाच मिनिटं खेळा आणि जीपीयूचा, म्हणजे ग्राफिक्स चिपचा, टक्का पाहा. तो ९५ च्या वर चिकटलेला असेल आणि फ्रेम कमी पडत असतील, तर सावल्या, परावर्तनं, रेझोल्यूशन खाली आणा. जीपीयू ६०-७० टक्क्यांवर असूनही फ्रेम पडत असतील, तर अडचण प्रोसेसरची आहे. अशा वेळी रेझोल्यूशन कमी करून काडीचा फरक पडत नाही. गर्दीची घनता आणि दूरवर दिसणाऱ्या वस्तूंचं प्रमाण कमी करावं लागतं. ‘बाल्डर्स गेट ३’चा तिसरा अंक हे याचं ठळक उदाहरण. शहरात शिरलं की चार कोअरचा प्रोसेसर दमतो. हा गेम बनवणाऱ्या लॅरियनने सप्टेंबर २०२५ मध्ये डेकसाठी खास आवृत्ती काढली, ती या ओझ्यावरचाच उपाय होती. ‘सायबरपंक २०७७’मध्ये ग्राफिक्सच्या यादीत ‘स्टीम डेक’ नावाचं तयार सेटिंग आहे. तेच घ्या, स्वतः डोकं चालवून फार काही कमाई होत नाही.

हलक्या गेमना उलटा उपाय. ‘स्टार्ड्यू व्हॅली’ किंवा ‘हेड्स’साठी चिपला १५ वॅट लागत नाहीत. टीडीपीची, म्हणजे चिपने किती वीज ओढावी याची, मर्यादा ६ ते ८ वॅटवर आणा आणि फ्रेम पडतात का पाहा. ओव्हरलेमध्ये बॅटरीतून किती वॅट जातात ते दिसतं. ५० ला त्या आकड्याने भागलं की किती तास मिळतील ते कळतं. जड गेम एकूण २२-२५ वॅट ओढतो, म्हणजे दोन तासांच्या आसपास. हलका गेम ८ वॅटवर बसला तर सहा तास. व्हॉल्व्ह ३ ते १२ तास म्हणतं. त्यातले १२ तास मिळायला गेमही तसाच हलका लागतो.

काही जड गेमांत पोत (टेक्श्चर) उशिरा उमटत असतील तर आणखी एक फेरफार आहे. डेक पूर्ण बंद करा, आवाज वाढवायचं बटण दाबून ठेवून पॉवर दाबा, सेटअपमध्ये ‘ॲडव्हान्स्ड’ खाली ‘यूएमए फ्रेम बफर’, म्हणजे ग्राफिक्ससाठी राखून ठेवलेली रॅम, १ जीबीवरून ४ जीबी करा. रॅम एकूण १६ जीबीच असल्याने ती कोणाच्या तरी वाट्यातून जाते. ज्या गेमला प्रोसेसरसाठी रॅम जास्त लागते तो याने बिघडतो. फरक दिसला नाही तर परत मूळ आकडा ठेवा.

गेमच्या पानावरच्या हिरव्या ‘व्हेरिफाइड’ खुणेवर आंधळा विश्वास नको. कंट्रोलर चालतो, अक्षरं वाचता येतात, गेम न अडता सुरू होतो, एवढंच ती सांगते. सगळीकडे ६० फ्रेमचं आश्वासन ती देत नाही. प्रोटॉनडीबी या संकेतस्थळावर खेळाडूंचे अनुभव पाहावेत आणि त्यातही गेल्या काही महिन्यांतलेच. २०२५ च्या फेब्रुवारीत आलेला ‘मॉन्स्टर हंटर वाइल्ड्स’ या यंत्रावर खेळण्याजोगा नाही, आणि नव्या मोठ्या गेमांत ही यादी वाढतच जाणार. २०२२ ची चिप आहे, तिच्याकडून किती अपेक्षा करणार?

आणखी एक खोडी. प्रवासाला निघण्यापूर्वी प्रत्येक गेम एकदा वायफायवर सुरू करून बघा. युबिसॉफ्ट, ईए आणि रॉकस्टारच्या गेमांत मध्ये त्यांचा लाँचर, म्हणजे गेम सुरू करणारा वेगळा प्रोग्रॅम, येतो आणि तो नेमका गाडीत लॉगिन मागतो. डेनुवो हे कॉपीविरोधी संरक्षण असलेल्या गेममध्ये प्रोटॉनची आवृत्ती बदलून बदलून पाहत बसू नका. प्रत्येक आवृत्ती त्याला नवा संगणक वाटते आणि चार-पाच वेळा झालं की गेम २४ तास कुलूपबंद.

ज्या गेमांसाठी हे घेऊ नये

ऑनलाइन स्पर्धेच्या गेमांत डेक मार खातो आणि त्याला व्हॉल्व्हकडे इलाज नाही. फसवणूक पकडणारं सॉफ्टवेअर, म्हणजे अँटिचीट, विंडोजच्या गाभ्यापर्यंत, म्हणजे कर्नलपर्यंत, शिरून बसतं. प्रोटॉन तिथपर्यंत पोचत नाही. ‘व्हॅलोरंट’चं व्हॅनगार्ड, ‘फोर्टनाइट’, ‘कॉल ऑफ ड्यूटी’, ‘पबजी’चा पीसी गेम, ‘बॅटलफील्ड ६’ यांपैकी काहीही स्टीमओएसवर चालत नाही. ईएने स्वतःचं अँटिचीट बसवलं आणि फुटबॉलचा ‘ईए स्पोर्ट्स एफसी’ही गेला. इझी अँटिचीट आणि बॅटलआय या दोन सेवांनी २०२१ मध्येच प्रोटॉनला वाट मोकळी केली, पण ती उघडायची की नाही हे गेम बनवणाऱ्याच्या हाती. आणि उघडलेली वाट बंदही होते. ‘एपेक्स लेजंड्स’ डेकवर नीट चालत होता. ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस त्यांनी लिनक्सला दार लावलं. ‘जीटीए ऑनलाइन’चं सप्टेंबर २०२४ मध्ये तेच झालं, कथा मात्र अजून खेळता येते.

व्हॉल्व्हचे स्वतःचे ‘काउंटर-स्ट्राइक २’ आणि ‘डोटा २’ चालतात. पण हॉस्टेलवर पाच जण मिळून जे खेळतात ते यात बसत नसेल, तर साधा डेस्कटॉप बांधावा. रायझन ५ ५६००, ८ जीबीचं आरटीएक्स ४०६० किंवा आरएक्स ७६००, १६ जीबी रॅम आणि नावाजलेल्या कंपनीचा ५५० वॅटचा ब्रॉन्झ दर्जाचा एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा), एवढ्यात १०८० पिक्सेलचं काम भागतं. एसएमपीएसवर पैसे वाचवू नका, बाकी कशावरही वाचवा. डेकवर विंडोज टाकण्याचा मार्ग आहे, पण मग झोपणं-उठणं आणि शेडरचा साठा, दोन्ही हातचे जातात. मग डेक घेतला कशाला?

टीव्हीवर, पीएस५ शेजारी

एचडीएमआय असलेला यूएसबी-सी डॉक लावून डेक टीव्हीला जोडता येतो. पण पीएस५ ची ग्राफिक्स ताकद १०.२८ टेराफ्लॉप आणि डेकची १.६. ५५ इंची ४के टीव्हीवर हा फरक झाकता येत नाही. टीव्हीवर खेळताना गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन रेझोल्यूशन ७२० किंवा १०८० ठेवा. ४के राहिलं तर चित्र तुटक-तुटक होतं. डॉकला चार्जर ६५ वॅटचा लावा. डेकला ४५ लागतात आणि डॉक स्वतः काही खातो, त्यामुळे ४५ चाच लावला तर खेळताना बॅटरी उतरत राहते. टीव्ही हेच मुख्य ठिकाण असेल तर पीएस५ घ्यावा, यात दुमत नाही.

पैशाचा हिशेब मात्र यंत्राच्या किमतीवर थांबत नाही. पीएस५ स्लिम एप्रिल २०२४ मध्ये भारतात आला तेव्हा डिस्कवाला ५४,९९० रुपयांना आणि डिजिटल ४४,९९० ला होता. सोनीचे मोठे गेम पीएस५ च्या सुरुवातीपासूनच ४,९९९ च्या घरात. विकत घेतलेला गेम ऑनलाइन खेळायला पीएस प्लसची वर्गणी वेगळी. पीसीवर ती लागत नाही. स्टीमवर रुपयांतल्या किमती २०१५ पासून आहेत आणि सेलमध्ये जुने मोठे गेम निम्म्याहून खाली येतात. परताव्याचा नियमही स्टीमचाच बरा. १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत. प्लेस्टेशन स्टोअरवर गेम डाउनलोड करायला घेतला की तो हक्क गेला. सप्टेंबर २०२४ पासूनच्या स्टीम फॅमिलीत एका घरातली सहा खाती एकमेकांचे गेम वापरू शकतात, फक्त एकच प्रत एकाच वेळी दोघांना नाही. इथे धाकट्या भावाला सांगून ठेवा. तुमच्या प्रतीवर त्याने चीट वापरला तर बंदी तुमच्यावरही येते.

कन्सोलकडे एक हुकमी पान आहे, ते म्हणजे डिस्क. ४,९९९ ची डिस्क महिन्याभरात संपवून विकली तर बरीचशी रक्कम वसूल होते, आणि आपल्याकडे जुन्या डिस्कांची देवाणघेवाण जोरात चालते. स्टीमवरचा गेम विकता येत नाही. नवा मोठा गेम पहिल्याच आठवड्यात खेळून मोकळं होणाऱ्यासाठी डिस्कवाला पीएस५ दीर्घकाळात स्वस्त पडतो. जुने गेम सेलमध्ये घेऊन साठवणाऱ्यासाठी डेक. डिजिटल पीएस५ चं गणित आम्हाला तरी जुळवता आलेलं नाही.

लाइट जाण्याचा हिशेबही धरावा. पीएस५ खेळताना साधारण २०० वॅट घेतो आणि वीज गेली की जागेवर बंद पडतो. घरच्या इन्व्हर्टरवर चालवणार असाल तर मागचं बटण ‘यूपीएस’ मोडवर ठेवा. साध्या मोडमध्ये बदल होईपर्यंत जो क्षण जातो तेवढ्यात कन्सोल पुन्हा सुरू होतो. डेकला स्वतःची बॅटरी आहे, त्याला याचं काही नाही. दोन्ही यंत्रं घरात असतील तर डेकवर चियाकी-एनजी हे ॲप टाकून पीएस५ चे गेम अंथरुणातून खेळता येतात. पीएस५ राउटरला तारेने जोडा आणि डेक ५ गिगाहर्ट्झच्या वायफायवर ठेवा, नाहीतर चित्र फाटतं.

उन्हाळ्याची गोष्ट वेगळी. व्हॉल्व्हच्या सांगण्यानुसार डेक ० ते ३५ अंशांच्या हवेत उत्तम चालतो. चिप १०० अंशांवर गेली की वेग कमी करते आणि १०५ ला यंत्र बंद होतं. अकोला-नागपूरकडे मे महिन्यात पारा ४४ च्या पुढे जातो. तिथे दुपारी टीडीपी १० वॅटवर आणा, वरच्या कडेची हवेची जाळी मोकळी ठेवा, आणि उशीवर ठेवून खेळू नका. चार्जिंग लावून जड गेम खेळणं त्या महिन्यांत टाळलेलंच बरं. २०२५ च्या स्टीमओएस ३.७ पासून चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय आली आहे. सतत डॉकला लागलेल्या डेकसाठी ती चालू ठेवावी.

जागा वाढवणं

आधी मायक्रोएसडी कार्ड. खाचेचा वेग सेकंदाला १०० एमबीपर्यंतच आहे, त्यामुळे महागडं, जास्त वेगाचं कार्ड घेऊन उपयोग नाही. यू३, ए२ छापलेलं पुरे. कार्ड डेकमध्येच फॉरमॅट करा. ते ईएक्सटी४ या लिनक्सच्या पद्धतीचं होतं आणि विंडोजला दिसत नाही, हे बिघाडाचं लक्षण नव्हे. बाजारात खोट्या क्षमतेची कार्डं भरपूर आहेत. म्हणून घेतल्याबरोबर, डेकमध्ये फॉरमॅट करण्याआधीच, पीसीवर एचटूटेस्टडब्ल्यू या प्रोग्रॅमने पूर्ण भरून तपासा.

एसएसडी बदलायचा तर एम.२ चा २२३० आकाराचा, एका बाजूला चिप असलेला लागतो. २२४२ कसाबसा बसवता येतो असं सांगणारे भेटतील. व्हॉल्व्हने याविरुद्ध स्पष्ट इशारा दिला होता, कारण शेजारची तापणारी चिप त्याने गुदमरते. काम असं. आधी सेटअपमध्ये जाऊन ‘बॅटरी स्टोरेज मोड’ लावा. मग मायक्रोएसडी कार्ड बाहेर काढा. हे विसरून मागचं झाकण उघडलं की कार्डाचे दोन तुकडे होतात, आणि या कामात सर्वांत जास्त होणारी चूक हीच. मागे आठ स्क्रू आहेत, चार लांब आणि चार आखूड, वेगळे ठेवा. ओएलईडीत ते धातूच्या खाचेत बसतात, एलसीडीत प्लॅस्टिकमध्ये, म्हणून जुन्या मॉडेलचे जोर लावून पिळू नका. झाकण प्लॅस्टिकच्या पट्टीने उचकटा, आतलं धातूचं आवरण काढा, बॅटरीची वायर सोडवा. जुन्या एसएसडीवरची चंदेरी पिशवी नव्यावर चढवा. ती वायफायला होणारा अडथळा रोखते. बंद करून झाल्यावर ८ जीबी किंवा मोठ्या पेनड्राइव्हवर स्टीमची रिकव्हरी इमेज पीसीवरच्या रुफस या प्रोग्रॅमने टाका, आवाज कमी करायचं बटण धरून पॉवर दाबा, पेनड्राइव्ह निवडा आणि ‘रीइमेज’ चालवा.

एपिक या दुसऱ्या ऑनलाइन दुकानातून फुकट मिळालेले गेम हवे असतील तर डेस्कटॉप मोडमध्ये जाऊन ‘डिस्कव्हर’मधून हिरोइक लाँचर घ्या. टर्मिनलमधून पॅकमन या आज्ञेने काही बसवू नका. स्टीमओएसचा पुढचा अपडेट ते पुसून टाकतो.

भारतात घेताना

व्हॉल्व्ह भारतात डेक अधिकृतपणे विकत नाही. लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन जो मिळतो तो आयात केलेला, आणि वॉरंटी म्हणाल तर दुकानदाराच्या शब्दाची. जीएसटी बिल घ्या आणि त्यावर वॉरंटी किती महिन्यांची आणि कोण देणार हे लिहून घ्या. अधिकृत वॉरंटीच हवी असेल तर एसुसचा आरओजी ॲली आहे. जुलै २०२३ मध्ये तो इथे ६९,९९० रुपयांना आला. ताकद जास्त, पण विंडोजची कटकटही जास्त, आणि पहिल्या मॉडेलचा एसडी कार्ड रीडर उष्णतेने बिघडू शकतो हे कंपनीनेच मान्य केलं आहे.

ओएलईडी सांगून एलसीडी गळ्यात मारला जातोय का, हे डोळ्यांनीही कळतं. ओएलईडीचं पॉवर बटण नारिंगी असतं आणि स्टिकच्या टोप्या काळ्या. मागचा मॉडेल नंबर १०३० हवा. १०१० म्हणजे एलसीडी. सेटिंगमध्ये कंट्रोलरच्या चाचणीत जाऊन दोन्ही स्टिक, मागची चार बटणं आणि विशेषतः वरची आर१-एल१ दाबून पाहा. यंत्र पडलं की पहिली तीच मोडतात. डेस्कटॉप मोडमध्ये इन्फो सेंटरच्या ‘एनर्जी’ पानावर बॅटरीची उरलेली क्षमता दिसते. जुन्या नगात ती ४० वॅट-अवरच्या खाली गेली असेल तर किंमत पाडून मागा. चार्जर अमेरिकन पिनचा येईल आणि आपल्या सॉकेटात हलत राहील. त्याऐवजी १५ व्होल्ट ३ अँपिअर देणारा ४५ वॅटचा पीडी चार्जर घ्या. फोनबरोबर आलेले ‘६५ वॅट’चे पुष्कळ चार्जर दुसऱ्या यंत्राला तेवढी वीज देत नाहीत आणि डेक ‘स्लो चार्जर’ म्हणून तक्रार करतो. शेवटी फॅक्टरी रीसेट तुमच्यासमोर करायला लावा. दुकानात वायफाय नसेल तर फोनचा हॉटस्पॉट सुरू करा, आणि स्वतःच्या स्टीम खात्याने लॉगिन होऊन एक गेम चालू होईपर्यंत पैसे देऊ नका.